एका कागदावर आठ, दुसऱ्यावर साठ

पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीवर येताना कापडाच्या दुकानांच्या ओळीत अधूनमधून रक्त-लघवी तपासणीचे फलक दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) या जुन्या बाजारपेठेजवळच्या एका शाळेत आमच्या एक शिक्षिका-मैत्रीण विज्ञान शिकवतात. एके दिवशी त्यांनी आईच्या औषधांच्या फायलीतील दोन कागद आमच्यापुढे ठेवले. पहिला कडांना पिवळा पडलेला, १९८० च्या सुमाराचा. त्यावर लिहिले होते : अल्कलाईन फॉस्फेटेझ, ८ किंग-आर्मस्ट्राँग युनिट. दुसरा अगदी अलीकडचा, संगणकावर छापलेला. त्यावर त्याच नावापुढे आकडा होता ६०.

"आठाचे साठ झाले," बाई म्हणाल्या, "म्हणजे आईचा आजार सातपट वाढला असे समजायचे का?"

नाही, आजार वाढलेला नव्हता. दोन्ही आकडे निरोगी माणसाचेच होते. पण "युनिट वेगळे आहे" एवढ्या उत्तराने बाईंचे समाधान होईना आणि आमचेही झाले नाही. एकाच पदार्थाची दोन मापे का? मोजणाऱ्याचे नाव युनिटला का? रक्तातल्या विकरावरून शरीरात खोलवर दडलेल्या अवयवाची अवस्था कळते तरी कशी? या प्रश्नांचा माग काढत गेलो तेव्हा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास हाती लागला. त्याचा शेवट मात्र आपल्याच राज्यातल्या कापसाच्या शेतात झाला.

शाळेतला प्रयोग, दवाखान्यातली तपासणी

विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया विकरांमुळे वेगाने घडतात आणि त्या घडवताना विकर स्वतः खर्ची पडत नाही. लाळेतील अमायलेझ हे विकर पिष्टमय पदार्थाचे विघटन करते, हे आपण सर्वच जण शिकवतो. भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. पेजेत आधी लाळ मिसळून थोडा वेळ ठेवली तर येत नाही.

हाच साधा प्रयोग रोगनिदानात वापरला गेला. स्वादुपिंड हा अवयवही अमायलेझ तयार करतो. त्याला तीव्र सूज आली की हे विकर रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. बर्लिनचे युलियस व्होल्गेमुथ यांनी १९०८ मध्ये ते मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत जायचे, प्रत्येक नळीत पिष्टाचे द्रावण घालायचे, ठरावीक वेळ ऊब द्यायची आणि शेवटी आयोडीन टाकायचे. किती पातळ केलेला नमुनासुद्धा पिष्ट संपवू शकतो, यावरून विकराचे प्रमाण ठरे. पोटात असह्य कळा येणाऱ्या रोग्याचे पोट न फाडता आतल्या अवयवाची बातमी काढण्याचा हा एक मार्ग होता.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. १९०८ मध्ये विकर नेमके कशाचे बनलेले असते हे कोणालाही माहीत नव्हते. जेम्स सम्नर यांनी युरिएझ या विकराचे स्फटिक वेगळे केले ते १९२६ मध्ये. विकरे ही प्रथिने आहेत हे सर्वमान्य व्हायला त्यानंतरही काही वर्षे लागली. मग जो पदार्थ दिसत नाही, वेगळा काढता येत नाही, तो मोजायचा कसा? उत्तर होते : त्याचे काम मोजायचे. पडद्याआड किती गवंडी आहेत हे दिसत नसले तरी संध्याकाळी किती हात भिंत उठली ते मोजता येते. विकरांचे मोजमाप आजही बहुतांशी असेच होते. आणि काम मोजायचे म्हटले की कोणते काम, किती वेळ, किती तापमानाला, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवणार. बाईंच्या दोन कागदांतल्या घोळाचे मूळ येथे आहे.

हाडांचे विकर आणि ज्याचे त्याचे युनिट

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये दाखवले की वाढत्या हाडात फॉस्फेट सुटे करणारे एक विकर असते. हेच ते फॉस्फेटेझ. पुढच्या काही वर्षांत एच. डी. के यांना हाडांच्या काही आजारांत ते रक्तातही वाढलेले आढळले आणि १९३० च्या सुमारास पित्तमार्ग अडल्याने होणाऱ्या काविळीतही ते वाढते असे लक्षात आले. हाडे आणि यकृत, दोन्हीकडची खबर देणारे हे विकर ठरले.

या कामासाठी सुटे झालेले फॉस्फेट अचूक मोजता येणे गरजेचे होते. तशी सोपी रंगपद्धत १९२५ मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्क आणि आंध्रातून तेथे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी प्रसिद्ध केली होती. फिस्क-सुब्बाराव पद्धत हे नाव जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही ठाऊक असते.

अमेरिकेत एरन बोडान्स्की यांनी १९३३ मध्ये एक पद्धत दिली. त्यात विकराने तासाभरात किती फॉस्फरस सुटा केला ते मोजत. कॅनडात किंग आणि आर्मस्ट्राँग यांनी १९३४ मध्ये दुसरी दिली. त्यात फॉस्फरसऐवजी त्याच क्रियेत सुटणारे फिनॉल मोजत. प्रत्येकाचे युनिट वेगळे, म्हणून युनिटला ज्याचे त्याचे नाव. एकाच माणसाचे एकच रक्त एका प्रयोगशाळेत ३ बोडान्स्की युनिट आणि दुसरीत ८ किंग-आर्मस्ट्राँग युनिट दाखवू शके. दोन्ही आकडे बरोबरच असत.

१९५६ : तीन घटनांचे वर्ष

विकर-तपासण्यांना खरी चालना मिळाली ती हृदयविकारामुळे. एका अमिनो आम्लाचा अमिनो गट उचलून दुसऱ्या रेणूला देणारी ट्रान्सअमिनेझ विकरे मॉस्कोत ब्राउनश्टाइन आणि क्रित्समान यांनी १९३७ मध्ये कबुतराच्या स्नायूत शोधली होती. हृदयाच्या स्नायूत ती भरपूर असतात. न्यूयॉर्कमधील जॉन लाड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी १९५४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर एसजीओटी हे ट्रान्सअमिनेझ रक्तात काही तासांत वाढू लागते, एक-दोन दिवसांत कळस गाठते आणि चार-पाच दिवसांत पूर्वपदावर येते.

कारण सोपे आहे. पेशी धडधाकट असेपर्यंत तिच्यातले विकर बहुतांशी आतच राहते. रक्तपुरवठा तुटून पेशी मेली की तिचे आवरण फाटते आणि आतला माल रक्तात सांडतो. हृदयालेख म्हणजे ईसीजी संदिग्ध असेल तेव्हा रक्तातला हा सांडलेला माल डॉक्टरांना उपयोगी पडू लागला. इटलीत फर्नांडो दे रीतिस यांनीही त्याच सुमारास, १९५५ मध्ये, यकृतदाहाच्या रुग्णांत ही विकरे वाढलेली पाहिली.

पुढचे १९५६ हे वर्ष आम्हांला विशेष वाटते. त्या वर्षी व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांचा एसजीपीटीवरचा लेख आला. हे विकर यकृताच्या इजेकडे अधिक नेमकेपणाने बोट दाखवते. त्याच वर्षी विकरांच्या नावांतला आणि मापांतला गोंधळ निस्तरण्यासाठी आंतरराष्ट्रीय विकर आयोग नेमला गेला. आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय मराठवाड्याला 'घाटी' म्हणूनच परिचित आहे.

मात्र न्यूयॉर्कची पद्धत लहान गावांपर्यंत सहज पोचण्यासारखी नव्हती. कार्मेन यांच्या रीतीला अतिनील प्रकाश मोजणारा वर्णपटमापक लागे. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी साध्या रंगमापकावर भागणारी पद्धत काढली : रसायने मिसळा, ठरावीक वेळ ऊब द्या, शेवटी अल्कली घाला आणि तपकिरी रंग किती गडद आला ते वाचा. ती तितकी काटेकोर नव्हती, पण परवडणारी होती. भारतातल्या असंख्य प्रयोगशाळांनी पुढची कित्येक वर्षे याच पद्धतीवर काम केले. तपासणी लोकांपर्यंत पोचण्यात शोधाइतकाच वाटा तो शोध स्वस्त आणि सोपा करणाऱ्यांचा असतो, हे वर्गात जरूर सांगावे.

आयोगाचा अहवाल १९६१ मध्ये आला. त्याने ठरवले की ठरलेल्या परिस्थितीत एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारे विकर म्हणजे एक आंतरराष्ट्रीय युनिट. आता बाईंच्या कागदाचे गणित नववी-दहावीच्या फळ्यावर सोडवता येते. एक किंग-आर्मस्ट्राँग युनिट म्हणजे १०० मिलिलिटर रक्तजलातील विकराने १५ मिनिटांत सुटे केलेले १ मिलिग्रॅम फिनॉल. फिनॉलचे रेणुवस्तुमान ९४, म्हणून १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १०.६ मायक्रोमोल. एका लिटरला १०६. त्याला १५ ने भागले की मिनिटाला ७.१. म्हणजे जुने ८ युनिट गुणिले ७.१, बरोबर सुमारे ५७. नव्या कागदावर ६०. इतक्या वर्षांत आईंचे विकर जवळपास होते तेथेच होते!

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. वाढत्या वयातील मुलांची हाडे जोमाने वाढत असतात, त्यामुळे त्यांच्या रक्तातले अल्कलाईन फॉस्फेटेझ प्रौढांच्या कितीतरी पट असू शकते. अशा अहवालावर प्रौढांची मर्यादा छापली असेल तर पालक उगाच घाबरतात. असा कागद घेऊन कोणी आले तर मुलाचे वय विचारावे आणि डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे.

काही तपासण्या कालांतराने मागेही पडतात. एसजीओटी यकृत आणि इतर स्नायूंतूनही रक्तात येत असल्याने हृदयविकारासाठी तिच्यावर विसंबणे अवघड होते. पुढे क्रिएटिन कायनेझ आले, त्याचे हृदयातील विशिष्ट रूप वेगळे मोजता येऊ लागले आणि अखेर ट्रोपोनिन या प्रथिनाने ती जागा घेतली. ट्रोपोनिन विकर नाहीच. ज्या रोगासाठी एसजीओटीची तपासणी नावारूपाला आली, तेथून ती निवृत्त झाली. यकृताच्या तपासणीत मात्र अजून हजर आहे.

उलट दिशेची तपासणी

आतापर्यंतच्या सर्व तपासण्यांत आजारपणी विकर वाढते. एका तपासणीत मात्र ते घटते आणि तीच आपल्या शेतकऱ्याच्या सर्वांत जवळची आहे.

आपल्या अनेक मज्जातंतूंची टोके असिटिलकोलिन हा पदार्थ सोडून स्नायूंना व ग्रंथींना निरोप देतात. निरोप पोचला की तो लगेच पुसला गेला पाहिजे, नाही तर स्नायू आखडलेलेच राहतील. हा पदार्थ पुसणारे एखादे विकर शरीरात असावे, असा तर्क हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच मांडला होता. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून रासायनिक निरोपाचा पुरावा दिला. या दोघांना १९३६ चे नोबेल मिळाले. घोड्याच्या रक्तजलातून हे काम करणारे विकर १९३२ मध्ये एडिंबरोच्या स्टेडमन व सहकाऱ्यांनी मिळवले आणि त्याला कोलिनएस्टरेझ हे नाव दिले.

डेल-लोवींना नोबेल मिळाले त्याच १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधताना ताबून या अतिविषारी वायूपर्यंत पोचले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली ही रसायने कोलिनएस्टरेझला जखडून टाकतात. निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास थांबतो. कीटकाच्या मज्जासंस्थेत हेच घडते, म्हणून ही रसायने कीटकनाशके झाली. कीटकात आणि माणसात निसर्गाने एकच युक्ती वापरली आहे. विषाला दोघांतला फरक कळत नाही.

भारताला याचा पहिला मोठा चटका १९५८ मध्ये केरळात बसला. बोटीवर धान्याजवळ ठेवलेले पॅराथिऑन सांडून अन्नात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९६१ मध्ये जॉर्ज एलमन व सहकाऱ्यांनी कोलिनएस्टरेझ मोजण्याची पिवळ्या रंगाची सोपी पद्धत दिली. म्हणजे विषही माहीत, कायदाही झाला आणि तपासणीही हाताशी आली.

तरीही २०१७ चा पावसाळा यवतमाळला विसरता येणार नाही. कापूस त्या वर्षी डोक्याइतका वाढला होता, किडीचा जोर होता आणि फवारणी करणारे उंच झाडांच्या ओळींतून विषाच्या तुषारांतच चालत होते. अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. कोलिनएस्टरेझ मोजण्याची सोय यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात त्या वेळी नव्हती, हेही तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. एलमन यांच्या लेखाला तोवर ५६ वर्षे झाली होती.

ही तपासणी असती तर सगळे वाचले असते, असा दावा आम्ही करणार नाही. विषबाधेचा उपचार तपासणीसाठी थांबत नाही. लक्षणे दिसताच डॉक्टर अ‍ॅट्रोपीन सुरू करतात. पण तेव्हा वापरातली सगळीच औषधे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली नव्हती. कोलिनएस्टरेझ घटलेले आहे की नाही हे कळले, तर विष कोणत्या जातीचे असावे याचा अंदाज येतो आणि उपचाराची दिशा ठरवायला मदत होते. शिवाय, माणूस कोसळण्याआधीच इशारा मिळू शकतो. या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे.

मात्र त्या इशाऱ्याला एक अट आहे. रक्तद्रवातील कोलिनएस्टरेझ निरोगी माणसांतही खूप वेगवेगळे असते. आज वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत ते लिटरला साधारण ५ हजारांपासून १२ हजार युनिटांपर्यंत आढळते. समजा, एका मजुराचे नेहमीचे मूल्य ११,००० आहे आणि फवारणीनंतर ते ६,००० झाले. दुसऱ्याचे नेहमीच ५,५०० असते आणि त्याने फवारा हाती धरलेला नाही. अहवालावर दोघेही 'मर्यादेत'. उलट निरोगी माणसाचाच आकडा कमी! पहिल्याने आपले जवळजवळ अर्धे विकर गमावले आहे, हे कागद सांगत नाही. त्यासाठी हंगामाआधीचे त्याचे स्वतःचे मूल्य ठाऊक असावे लागते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून अशी विषारी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांसाठी हे बंधनकारक केले. आधी मूळ मूल्य घ्यायचे. पुढे रक्तद्रवातील विकर मूळ मूल्याच्या ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींतील ७० टक्क्यांवर उतरले की त्या माणसाला त्या कामावरून दूर करायचे. आपल्या पहिल्या मजुराचे मूल्य ५५ टक्क्यांवर आले आहे. त्या नियमाने तो घरी बसला असता. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो.

वर्गात काय करता येईल

कापूस केवळ विदर्भात नाही. सिल्लोड, कन्नड, पैठणकडूनही मुले शहरातल्या शाळांत येतात आणि त्यांच्या घरी फवारणी होते. कीटकनाशक वर्गात कधीही आणू नये. पण विकराचे काम, माप आणि युनिट हे तिन्ही मुद्दे व्होल्गेमुथ यांच्या रीतीने शिकवता येतात.

प्रत्येक गटातील एका विद्यार्थ्याने स्वतःची लाळ वापरावी. दुसऱ्याच्या लाळेला हात लावू नये. लाळ पाण्याने १० पट, २० पट, ४० पट, ८० पट अशी पातळ करावी. प्रत्येक नळीत भाताची गाळलेली पातळ पेज सारख्या प्रमाणात घालावी. दहा मिनिटांनी आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. ज्या शेवटच्या नळीत निळा रंग येत नाही, ती त्या गटाची संख्या. तिला 'नववी-ब युनिट' असे नाव द्यावे. मग दुसऱ्या तुकडीला हाच प्रयोग कोमट पाण्यात नळ्या ठेवून करायला सांगावा. त्यांची संख्या वेगळी येईल आणि खरे कोण यावर वाद होईल. तो वाद आपण मिटवू नये. मुलांनाच नियम ठरवू द्यावा : किती तापमान, किती वेळ, किती पेज. १९६१ च्या आयोगाने हेच काम केले होते.

बाईंनी आईचा पिवळा कागद टाकून दिला नाही. नव्या अहवालामागे तो टाचला आणि समासात पेन्सिलीने लिहिले : ८ × ७.१ = ५७. जुना आकडा आता नव्याशेजारी ठेवून वाचता येतो. फवारणी करणाऱ्या मजुराची फाईल उघडली तर तिच्यात तो पहिला कागदच नसतो.